ॲपवर गावाचे नाव, पण अंदाज वीस ग्रामपंचायतींचा! हवामान अंदाजाच्या ‘जाळी’चे गणित समजून घ्या

सातारा : मोबाइलवर हवामानाचे ॲप उघडायचे, गावाचे नाव टाकायचे आणि आज किती मिलिमीटर पाऊस दाखवतोय ते बघून फवारणीचा पंप भरायचा की नाही हे ठरवायचे, ही जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांची आता सवय झाली आहे. ॲप सांगते, दुपारी दोन वाजता १८ मिलिमीटर. प्रत्यक्षात गावात चार थेंबही पडत नाहीत आणि ओढ्यापलीकडच्या शिवारात मात्र सऱ्या तुडुंब भरतात. मग संध्याकाळी पारावर एकच वाक्य ऐकू येते, "या अंदाजाचं काही खरं नाही."

अंदाज चुकला की शेतकऱ्याचे नुकसान रोख असते. पहिल्या पावसावर भरवसा ठेवून टोकलेले सोयाबीन उगवून वाळते आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. उपटून रानात पसरलेला घेवडा भिजतो. सकाळी मारलेले औषध दुपारी धुऊन जाते. त्यामुळे राग येणे साहजिक आहे. पण हा अंदाज नेमका कशाचा असतो, तो किती मोठ्या भागासाठी असतो आणि गावाच्या नावापुढे दिसणारा आकडा येतो कुठून, हे माहीत असले तर यातले काही नुकसान टाळता येते. त्यासाठी एकच गोष्ट समजून घ्यावी लागते. ती म्हणजे जाळी, इंग्रजीत जिला ‘ग्रिड’ म्हणतात.

हवेचे वाफे

आजचा हवामान अंदाज पंचांग बघून किंवा नुसता नकाशा बघून काढत नाहीत. तो गणिताने काढतात. हवेचा दाब, तापमान, बाष्प आणि वारा एकमेकांवर कसा परिणाम करतात याची समीकरणे ठरलेली आहेत. आत्ताची स्थिती त्यात भरायची आणि काही मिनिटांनी काय होईल ते काढायचे. त्या उत्तरावरून पुढच्या काही मिनिटांचे. असे करत करत दहा दिवस पुढे जायचे. हे काम सुपरकॉम्प्युटर करतो आणि या सगळ्या मांडणीला ‘मॉडेल’ म्हणतात.

आता पृथ्वीवरच्या प्रत्येक इंचाचे गणित करणे कोणालाच शक्य नाही. म्हणून शेतात वाफे पाडावेत तसे हवेचे चौकोन पाडतात. जमिनीवर चौकोनांची जाळी आणि त्यावर एकावर एक असे हवेचे थर. प्रत्येक चौकोनाला तापमानाचा एक आकडा, बाष्पाचा एक आकडा, वाऱ्याचा एक आकडा आणि पावसाचाही एकच आकडा. चौकोनाच्या आत एका कोपऱ्यात धो धो पाऊस आणि दुसऱ्या कोपऱ्यात ऊन असले तरी मॉडेलला ते दिसत नाही. त्याच्या लेखी सगळा चौकोन एकच.

भारतीय हवामान विभागाचे जगभराचा अंदाज काढणारे मॉडेल गेली काही वर्षे सुमारे १२ किलोमीटरच्या जाळीवर चालत आले आहे. १२ किलोमीटर लांब आणि १२ किलोमीटर रुंद, म्हणजे एका चौकोनाचे क्षेत्र १४४ चौरस किलोमीटर. सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला तर अख्ख्या जिल्ह्याला सुमारे ७३ चौकोन येतात. जिल्ह्यात ग्रामपंचायती दीड हजाराच्या आसपास आहेत. म्हणजे एका चौकोनात सरासरी वीस ग्रामपंचायती.

ॲपवर या वीस गावांची नावे वेगवेगळी टाकली तरी त्यामागे चौकोन एकच असतो. फार तर ॲप शेजारच्या चौकोनांचे आकडे घेऊन मधल्या गावाचा आकडा हिशेबाने काढते. म्हणून दोन गावांत १८ आणि १६ असा फरक दिसतो, पण हा फरक आकाशात कोणी मोजलेला नसतो.

परदेशी मॉडेलवर चालणाऱ्या ॲपची गोष्टही हीच आहे. युरोपीय केंद्राचे मॉडेल २०१६ पासून ९ किलोमीटरच्या जाळीवर चालते. अमेरिकेचे जागतिक मॉडेल सुमारे १३ किलोमीटरचे आहे, पण त्याचे मोफत मिळणारे आकडे अनेकदा पाव अंशाच्या, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या जाळीवरचे असतात. त्यात तर एका चौकोनात तालुक्याचा मोठा भाग मावतो.

पीकविम्यामुळे शेतकऱ्यांना यासारखाच एक अनुभव आहे. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र एक आणि त्याच्या आकड्यावर भवितव्य मंडळातल्या सगळ्या गावांचे. केंद्राजवळ पाऊस पडला की कोरड्या गावाच्या नावावरही तोच पाऊस लागतो. फरक एवढाच, की मंडळात एका जागेचा पाऊस सगळ्यांना लावला जातो, तर मॉडेलमध्ये सगळ्यांची सरासरी प्रत्येकाला लावली जाते.

वाई, पाचगणी, महाबळेश्वर : २५ किलोमीटरमध्ये तीन पावसाळे

चौकोन किती मोठा आहे याने एवढा फरक का पडतो, हे बघायला आपल्या जिल्ह्याइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तिथून पूर्वेला पाचगणीला तो सतराशे-अठराशेवर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आले की सातशे-आठशे. महाबळेश्वर ते वाई हे अंतर सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे १२ किलोमीटरच्या जाळीत फक्त दोन चौकोन! पाचगणी आणि वाई यांच्यात सरळ अंतर दहाएक किलोमीटरचे. ती दोन्ही एकाच चौकोनात आली तर मॉडेलसाठी पाचगणीचे टेबललँड आणि वाईचा गणपती घाट एकाच उंचीवर, एकाच पावसात.

खरी अडचण पश्चिमेला आहे. महाबळेश्वरचे पठार १,३०० मीटरच्या वर आहे. वीसएक किलोमीटरवर कोकणातले पोलादपूर शंभर मीटरच्याही आत. मधला कडा उभा आहे. समुद्रावरून आलेली ओली हवा या कड्याला धडकते, वर चढते, थंड होते आणि पाणी सोडते. महाबळेश्वरचा पाऊस हा या चढणीचा पाऊस आहे.

पण मॉडेलला हा कडा दिसतो का? समजा, एका चौकोनाचा अर्धा भाग पठारावर आणि अर्धा कोकणात आहे. सरासरी उंची येईल सातशे मीटर. उभ्या कड्याच्या जागी मॉडेलमध्ये सौम्य उतार तयार होतो. हवा तेवढ्या जोराने वर चढत नाही. परिणामी घाटमाथ्यावरचा पाऊस कमी दिसतो, तर कड्यावर न सांडलेले बाष्प पुढे सरकून पर्जन्यछायेतला भाग कधी कधी आहे त्यापेक्षा ओला दिसतो.

ही चूक कागदावर राहत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि माणसे गेली. घाटमाथ्यावर दोनशे पडणार की सहाशे, हा प्रश्न तिथल्या वाडी-वस्तीसाठी जिवाचा आहे. चौकोन लहान झाला की कडा कड्यासारखा दिसू लागतो आणि अशा पावसाचा आकडा खऱ्याच्या जवळ जातो. जाळी बारीक करण्याचा सर्वांत खात्रीचा फायदा हाच.

ढग चौकोनापेक्षा लहान

आता पूर्वेकडे, माण-खटावकडे येऊ. इथला बराचसा पाऊस वळवाचा किंवा परतीचा. दुपारपर्यंत रान तापते, ढग उभे राहतात, तासाभरात झोडपून जातात. असा एक ढग रुंदीला पाच-दहा किलोमीटर असतो. कधी त्याहून कमी.

जाळ्याची घरे मोठी असली की लहान मासे निसटतात, तसे १२ किलोमीटरच्या जाळीतून हे ढग निसटतात. मॉडेलला ढग दिसत नाही, म्हणून ते त्याचा अदमास बांधते. चौकोनात ऊब किती, बाष्प किती, हवा किती अस्थिर आहे हे बघून ‘एवढे असले की साधारण एवढा पाऊस’ असा ठोकताळा मॉडेलमध्ये घातलेला असतो.

या ठोकताळ्याच्या दोन खोडी जगभरच्या शास्त्रज्ञांना माहीत आहेत. पहिली, मॉडेल पाऊस फार वेळा आणि फार हलका दाखवते. एका शिवारात ४० मिलिमीटर आणि बाकी कोरडे, याऐवजी सगळीकडे चार-पाच मिलिमीटर भुरभुर. दुसरी, वळवाचा पाऊस खऱ्यापेक्षा लवकर दाखवते. जमीन तापली की मॉडेल लगेच, भर दुपारीच पाऊस पाडून मोकळे होते. खरा ढग मात्र उभा राहायला वेळ घेतो आणि चार-पाचनंतर, कधी अंधार पडता पडता बरसतो. ॲपवर दुपारी एकचा पाऊस दिसला आणि दोनपर्यंत आला नाही, म्हणून ‘आजचा गेला’ असे समजून कांदा उघडा ठेवणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

सरासरी किती फसवी असते याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्याला ७४ मिलिमीटरसुद्धा नाही. दोन्हींमधले अंतर वीसएक किलोमीटर. एका मोठ्या चौकोनात ही दोन्ही ठिकाणे टाकली तर उत्तर पाचशेच्या आसपास येईल. ते सांताक्रूझसाठीही चूक आणि कुलाब्यासाठीही चूक. त्या वेळची मॉडेल आजच्यापेक्षा बरीच जाड जाळीची होती आणि एवढ्या पावसाची कल्पना त्यांना आली नव्हती.

मग जाळी बारीक का करत नाहीत?

करतात, पण त्याची किंमत मोठी आहे.

चौकोनाची बाजू निम्मी केली तर एका चौकोनाचे चार होतात. हे गणित सोपे आहे. पण काम चौपट होऊन थांबत नाही. पाटाने पाणी देणाऱ्याला विचारा. वाफे मोठे असतील तर दहा मिनिटांनी चक्कर मारली तरी चालते. वाफे निम्मे केले आणि चक्कर दहा मिनिटांनीच मारली, तर तोवर पाणी एक वाफा सोडून पुढच्यात गेलेले असते. वाफा लहान, तर फेऱ्या जास्त. मॉडेलमध्येही तसेच. चौकोन लहान केला की वारा एका दमात चौकोन ओलांडून जाऊ नये म्हणून गणिताची पावलेही निम्म्या वेळाची घ्यावी लागतात. म्हणजे चारचे आठ. हवेचे थरही दुप्पट केले तर सोळा.

१२ किलोमीटरवरून ६ वर यायला आठपट काम. १२ वरून थेट १ किलोमीटरवर यायचे तर १,७२८ पट. आणि हे सगळे ठरलेल्या वेळेत उरकायला हवे. उद्याचा अंदाज परवा हातात आला तर त्याचा उपयोग काय?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होता. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करताना हाताने गणित करून सहा तासांचा अंदाज काढला. त्याची जाळी सुमारे २०० किलोमीटरची होती आणि सहा तासांच्या अंदाजाला काही आठवडे लागले. १९२२ साली आलेल्या पुस्तकात त्याने लिहिले, की जगभराचा अंदाज वेळेत काढायचा तर ६४,००० माणसे गणिताला बसवावी लागतील. १९५० मध्ये अमेरिकेत ‘एनिॲक’ या संगणकावर पहिला अंदाज निघाला, तेव्हा जाळी ७३६ किलोमीटरची होती आणि चोवीस तासांच्या अंदाजाला जवळपास चोवीस तासच लागत होते. तिथून आजच्या ९ आणि १२ किलोमीटरपर्यंत यायला सत्तर वर्षे गेली.

पुण्यातून आलेली ६ किलोमीटरची जाळी

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे नवे मॉडेल देशाला मिळाले. ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये तयार झाले. त्याची जाळी ६ किलोमीटरची आहे. त्यासाठी लागणारा ‘अर्का’ हा सुपरकॉम्प्युटर सप्टेंबर २०२४ मध्ये याच संस्थेत सुरू झाला. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार लाख कोटी आकडेमोडी. आधीचा ‘प्रत्यूष’ ४ पेटाफ्लॉपचा होता.

६ किलोमीटरचा चौकोन ३६ चौरस किलोमीटरचा. सातारा जिल्ह्याला ७३ ऐवजी सुमारे २९० चौकोन मिळतात आणि एका चौकोनात वीसऐवजी पाच ग्रामपंचायती येतात. महाबळेश्वर ते वाईमध्ये दोनऐवजी चार चौकोन. पाचगणी आणि वाई आता वेगळ्या पडतात.

याआधी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने ग्रामपंचायत पातळीवर पाच दिवसांचा अंदाज देणे सुरू केले आहे. ‘मेरी पंचायत’ ॲपवर तो बघता येतो. सोय चांगली आहे. पण ग्रामपंचायतीच्या नावाने अंदाज मिळणे आणि त्या ग्रामपंचायतीपुरते वेगळे गणित होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ६ किलोमीटरची जाळी धरली तरी पाच ग्रामपंचायतींना चौकोन एकच.

बारीक जाळी म्हणजे बिनचूक अंदाज नव्हे

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जाळी निम्मी झाली म्हणून चुका निम्म्या होत नाहीत. त्याची कारणे चार.

एक, मॉडेलला एका चौकोनाएवढी गोष्ट नीट दिसतच नाही. एखादी सर किंवा वाऱ्याचा झोत नीट उमटायला सहा-सात चौकोन लागतात. म्हणजे ६ किलोमीटरच्या जाळीत खरे तपशील चाळीसएक किलोमीटरच्या पुढचेच. मोबाइलच्या फोटोत चेहरा ओळखायला एक ठिपका पुरत नाही, तसेच हे.

दोन, ६ किलोमीटर ही अडनिडी जाळी आहे. मोठ्या ढगाचा आकार तिला थोडाफार दिसतो, पण आतली उलथापालथ दिसत नाही. त्यामुळे ढगाचा ठोकताळा पूर्ण टाकूनही देता येत नाही. ढग स्वतःच्या बळावर उभा राहताना दिसायला चार किलोमीटरच्या खालची जाळी लागते. हवामान विभाग आणि नोएडाचे राष्ट्रीय केंद्र देशापुरती अशी ३-४ किलोमीटरची मॉडेल चालवतात, पण ती थोड्या दिवसांच्या अंदाजासाठी.

तीन, सुरुवातीच्या नोंदी. रिचर्डसनचे ते गणित पूर्ण फसले होते. त्याच्या उत्तरानुसार हवेचा दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने वाढायला हवा होता. एवढा बदल मोठ्या चक्रीवादळातही सहा तासांत होत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ जागचा हलला नव्हता. पुढे पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञाने सुरुवातीच्या नोंदींतली विसंगती काढून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा उत्तर ताळ्यावर आले. पद्धत बरोबर होती. बियाणेच खराब होते. आजही तेच लागू आहे. चौकोन सहा किलोमीटरचा केला, पण त्या चौकोनात आत्ता किती बाष्प आहे हे मोजणारे केंद्र, फुगा किंवा रडार जवळ नसेल, तर मॉडेल तो आकडा आजूबाजूवरून भरून घेते. म्हणून रडार आणि मोजणी केंद्रे वाढणे हे सुपरकॉम्प्युटरइतकेच महत्त्वाचे. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी आयआयटीएमची प्रयोगशाळा आणि मांढरदेवच्या डोंगरावर रडार आहे, ते याच कामासाठी.

चार, लहान गोष्टी लवकर हाताबाहेर जातात. हजार किलोमीटरचे कमी दाबाचे क्षेत्र तीन-चार दिवस आधी दिसते. वळवाचा एखादा ढग नेमका कुठे उठेल हे काही तासांपलीकडे सांगणे जगात कोणालाच जमलेले नाही. सकाळी एखाद्या टेकडीवर अर्धा अंश जास्त ऊब असली तरी संध्याकाळचा पाऊस पुसेगावऐवजी वडूजला पडतो.

यात बारीक जाळीची गंमत अशी, की ती पाऊस ठासून पुसेगावला दाखवते. पडतो वडूजला. मग पुसेगावकर म्हणतात ‘सांगितला तो आला नाही’, वडूजकर म्हणतात ‘न सांगता आला’. एकाच ढगाबद्दल दोनदा चूक मोजली जाते. जाड जाळीने खटाव तालुक्यात सगळीकडे थोडा थोडा दाखवला असता, तर दोघेही तेवढे चिडले नसते. पण तालुक्यात एखाद-दुसऱ्या ठिकाणी झोडपणारा पाऊस होणार आहे, ही उपयोगाची माहिती मात्र बारीक जाळीनेच दिली होती.

थोडक्यात, डोंगर जागेवरून हलत नाही, म्हणून डोंगराच्या पावसाला बारीक जाळीचा फायदा पुरेपूर मिळतो. ढग हलतो, म्हणून वळवाच्या पावसात तो फायदा अर्धाच हाती लागतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसाळी अंदाजावर जेवढा भरवसा ठेवावा, तेवढा माण, खटाव, फलटणच्या मे आणि ऑक्टोबरमधल्या ‘अमुक वाजता अमुक मिलिमीटर’ या आकड्यावर ठेवू नये.

एकाऐवजी एकवीस अंदाज

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग शेतकऱ्याला पटणारा आहे. एकालाच विचारण्यापेक्षा एकवीस जणांना विचारायचे. सुरुवातीच्या आकड्यांत थोडा थोडा फरक करून तेच मॉडेल अनेकदा चालवतात. हवामान विभागाने २०१८ पासून १२ किलोमीटरच्या जाळीवर असे २१ अंदाज एकत्र काढायला सुरुवात केली. २१ पैकी १८ वेळा पाऊस आला तर भरवसा जास्त. ७ वेळा आला तर शक्यता तीनात एक. ॲपवर टक्क्यांत दिसणारी ‘पावसाची शक्यता’ बहुधा अशीच निघते.

म्हणून मिलिमीटरपेक्षा टक्के आधी बघावेत. ‘२० मिलिमीटर, शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ वीस मिलिमीटर पडणारच असा नाही. दहापैकी सात वेळा कोरडे जाण्याची शक्यता आहे, असा आहे.

रानातला निर्णय कसा घ्यावा?

पेरणी : ॲपवरच्या एका दिवसाच्या मोठ्या आकड्यावर पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरावे, हा कृषी विभागाचा दरवर्षीचा सल्ला आहे. तो पाऊस स्वतःच्या रानात पडलेला असावा, ॲपवरचा नव्हे. पुढच्या आठवड्यात पावसाचा जोर आहे की खंड, हे मात्र मॉडेलवरून बघावे. मोठ्या भागाचा असा कल मॉडेल बऱ्यापैकी बरोबर सांगते.

काढणी आणि मळणी : दोन-तीन दिवसांची उघडीप बघायची असेल तर एका ॲपवर न थांबता दोन वेगळी मॉडेल बघावीत. दोन्हींत उघडीप असेल तर कामाला लागावे. एकात पाऊस आणि एकात ऊन असेल तर ताडपत्री जवळ ठेवूनच सोयाबीन कापावे.

फवारणी : पुढच्या तीन-चार तासांचा प्रश्न असतो, तिथे मॉडेलपेक्षा रडार आणि हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा इशारा जास्त कामाचा. ‘मौसम’ ॲपवर तो मिळतो. विजांसाठी आयआयटीएमचे ‘दामिनी’ ॲप आहे. रानात एकटे असाल तर ते बघणे जिवाच्या दृष्टीनेही बरे.

बातमीतले शब्द : हवामान विभागाच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त, पण निम्म्यापर्यंत. जिल्ह्याला पिवळा इशारा आणि पुढे ‘तुरळक ठिकाणी’ असे लिहिले असेल, तर चारपैकी तीन ठिकाणे कोरडी राहिली तरी तो अंदाज बरोबरच आलेला असतो.

दिवस जितका लांबचा, तितका तपशील सोडून द्यावा. उद्यासाठी तालुका बघावा, तीन दिवसांनंतर जिल्हा, आठवड्यानंतर फक्त पावसाचा कल. दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता गावात ११ मिलिमीटर, हा आकडा संगणकाने छापला म्हणून खरा होत नाही.

बांधावरचा पर्जन्यमापक

आणखी एक काम घरच्या घरी होते. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, उभ्या भिंतीचा डबा मोकळ्या जागी ठेवावा. जवळ झाड किंवा छप्पर नको. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची खोली मोजून डबा रिकामा करावा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हा हिशेबही पुढे पाणी देताना उपयोगी पडतो.

वहीत दोन रकाने करावेत. एकात ॲपने आदल्या दिवशी सांगितलेला आकडा, दुसऱ्यात डब्यातला. एक पावसाळा असे केले की आपल्या शिवाराला कोणते ॲप जास्त दाखवते, कोणते कमी, कोणत्या वाऱ्यात चुकते, हे कळू लागते. चौकोनाची सरासरी आणि आपले रान यांच्यातला फरक कोणताही सुपरकॉम्प्युटर इतक्यात सांगणार नाही. तो त्या वहीतच सापडेल.